बाथरूममधला चहा

हळूबाई पहिल्यांदा नजरेत भरली ती जिन्यात. थोराड अंगाचे, थरथरत्या पायांचे एक गृहस्थ कठडा धरून उतरत होते, आणि त्यांच्या पुढे, त्यांच्याकडे तोंड करून, एक ठेंगणी बाई उलटी उतरत होती. पाठ उताराकडे, डोळे त्यांच्या गुडघ्यांवर, दोन्ही हात पुढे पसरलेले. पण तिने त्यांना धरलं मात्र नव्हतं. पाय चुकला तर झेलायचं, एरवी हात लावायचा नाही, असा तो बेत होता. "हळू... आता डावा... हळू," एवढंच ती म्हणत होती. वर जाणारी माणसं भिंतीला चिकटून उभी राहिली. खालच्या दाराशी पोचल्यावर गृहस्थांनी छाती फुगवून इकडेतिकडे पाहिलं. जिना आपण एकट्याने उतरलो, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. ती येऊही नये म्हणून बाई जरा बाजूला होऊन चपलेचा पट्टा नीट करत राहिली.

हळूबाई हे नाव तिला एका चिडक्या पेशंटने ठेवलं. "आली बघा हळूबाई, आता आंघोळीला दुपार होणार," असं तो रोज म्हणायचा, आणि ती सुट्टीवर गेली की दुसऱ्या कुणाच्या हातून अंगावर पाणी घ्यायला तयार व्हायचा नाही. नाव चिकटलं ते चिकटलंच, अगदी लेकीच्या तोंडीसुद्धा. खरं नाव विचारलं तर आईला आधी आठवावं लागतं, अशी लेक चेष्टा करायची.

माणसं सांभाळायचं काम ती सासूच्या अंथरुणाशी शिकली. नवरा टेम्पो चालवायचा, उजाडायच्या आत जायचा. सासू कमरेखाली लुळी आणि जिभेने धडधाकट. तिचे टोमणे खात खात हळूबाई माणसाला उठवायला, बसवायला, कुशीवर वळवायला शिकली. सासूच्या पाठीला शेवटपर्यंत जखम झाली नाही. पुढे सासू गेली, मग नवराही रस्त्यावरच गेला. पदरात शाळकरी मुलगी आणि हातात तेवढं एकच कसब. "सासूने मला काय दिलं म्हणाल तर पोट दिलं," असं ती म्हणायची, आणि त्यात टोमणा नसायचा.

तिचं कसब म्हणजे खरं तर थांबणं. घास भरवला की ती थांबायची. चमचा खाली ठेवायची, नजरही दुसरीकडे वळवायची, कारण कुणी तोंडाकडे बघत बसलं की माणूस न चावता गिळतो. प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत थांबायची. शब्द अडला तर तो पुरवायची नाही. "म्हाताऱ्या माणसाला भूक नसते असं नाही, त्याला घाई नसते. घाई आपल्याला असते," हे तिचं एकुलतं एक तत्त्वज्ञान.

घरोघरी माणसं पुरवणाऱ्या एका संस्थेत ती होती. तिथे सगळा कारभार फोनवर चाले. कामावर पोचलं की स्वतःचा फोटो काढून पाठवायचा, निघताना पुन्हा पाठवायचा, आणि महिनाअखेर पेशंटच्या घरचे कामाचे गुण म्हणून चांदण्या देणार. हळूबाईच्या चांदण्या नेहमी भरगच्च असत. त्याचा तिला अभिमान होता, पण त्या कुठे दिसतात ते लेकच दाखवायची. संस्थेतल्या मॅडम नव्या बायकांना तिचं उदाहरण द्यायच्या, आणि अलीकडे एक सल्लाही सगळ्यांना द्यायच्या. घरात कॅमेरा असेल तर बसायचं नाही. उभी बाई कामाची दिसते, बसलेली आळशी. काम नसेल तर टेबल पुसावं.

असं टेबल पुसायची वेळ हळूबाईवर आली ती आजींच्या घरी.

आजी रेल्वेत तिकीट तपासनीस होत्या. पुरुषांनी भरलेल्या डब्यांतून काळा कोट घालून एकटीने फिरलेल्या. आता उजवी बाजू अर्धांगाने कमजोर झाली होती, पण जीभ आणि नजर जुन्याच नोकरीतली होती. पहिल्याच दिवशी हळूबाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्या म्हणाल्या, "चेहऱ्यावरून तर तिकीट काढलेलं दिसतंय. बस."

हळूबाई बसणार तेवढ्यात कपाटावरून आवाज आला. "नमस्कार मावशी. त्या खुर्चीवर आईच्या गोळ्या आहेत, जरा बाजूला ठेवा." हळूबाई दचकून अशी उभी राहिली की खुर्चीच कलंडली. भिंतीला कान असतात हे तिने ऐकलं होतं. भिंतीला डोळे आणि तोंडही असतं, हे नवीन होतं.

तो आजींचा मुलगा होता. दूरच्या देशात नोकरीला. तिथलं घड्याळ इथल्यापेक्षा पुढे. इथे सकाळचा नाश्ता व्हायचा तेव्हा त्याची जेवणाची सुट्टी असायची. कॅमेरे त्यानेच बसवून घेतले होते. एक आजींच्या खोलीत, एक बाहेरच्या खोलीत, एक स्वयंपाकघरात. सगळं साठून राहायचं. जे त्या वेळी बघता आलं नाही ते तो संध्याकाळी घरी जाताना गाडीत बसून बघायचा. पलंग बराच वेळ रिकामा राहिला तर कॅमेरा आपण होऊन त्याच्या फोनवर तसं कळवायचा.

माणूस वाईट नव्हता. हळूबाईला त्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की हे काही तुम्हाला पकडायला नाही. वडील गेले तेव्हा त्याला फोनवरून कळलं, तोवर सगळं आटोपलं होतं. त्याने काहीच पाहिलं नव्हतं. आईच्या बाबतीत तसं व्हायला नको, एवढंच त्याचं म्हणणं. जेवणाच्या सुट्टीत तो डब्याला फोन टेकवून ठेवायचा आणि आईकडे बघत जेवायचा. आजी त्याच्याशी गप्पा मारायच्या, ऑफिसातल्या साहेबाची नक्कल करायला लावायच्या, हसायच्या. जेवण झालं की तो म्हणायचा, "चल आई, आहेच मी." आणि तो खरंच असायचा.

कॅमेऱ्याचं बारसं आजींनीच केलं. त्याला त्या 'जावईबापू' म्हणायच्या. "उंच जागी बसायचं, स्वतः काडी हलवायची नाही आणि सगळ्यांत खोट काढायची. मुलगी नव्हती मला, तरी घरात जावई आलाच बघ," असं त्या मोठ्यांदा म्हणायच्या, मुलाला ऐकू जावं म्हणून. तोही हसायचा.

पण जावईबापूंसमोर हळूबाईचं काम मात्र बिघडायला लागलं. घास भरवून ती चमचा खाली ठेवून खिडकीबाहेर बघत बसायची, तेव्हा वरून आवाज यायचा, "मावशी, सूप गार होतंय बहुतेक." त्याला बिचाऱ्याला दिसत होतं ते एवढंच, की मावशीच्या हाती चमचा नाही आणि ती बाहेर बघतेय. मग हळूबाई घाई करायची. चमच्यामागून चमचा. एकदा आजींना असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. त्यानंतर ती चमचा हातात धरून, वाटीत उगीच ढवळत थांबायला शिकली. पुसलेलं टेबल पुन्हा पुसायची. आजी झोपल्या तरी उभी राहायची. संध्याकाळी घरी गेल्यावर लेकीला म्हणायची, "काम नाही गं जास्त. कामाचं सोंग जड जातं."

बाथरूममध्ये कॅमेरा नव्हता. तेवढी एकच जागा.

एक दिवस आंघोळ झाली, अंग पुसून झालं, कपडे चढवले, तरी आजी स्टुलावरून उठेनात. हळूबाईने हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.

"दार लाव आणि बस जरा."

"कुठे बसू आजी?"

"ती बादली उलटी घाल आणि बस. माझ्या राज्यात उभ्याने प्रवास नाही."

हळूबाई बादलीवर बसली. आजींनी एकदा बंद दाराकडे पाहिलं, डावा हात तोंडावर धरला आणि त्या रडायला लागल्या. आवाज न करता, खांदे हलवत, जशी माणसं गर्दीत रडतात तशा. हळूबाई थांबली. पाठीवरून हात फिरवावा असं तिला वाटलं, पण तिने टॉवेलाची घडी मोडून पुन्हा घातली. रडणं संपलं तेव्हा आजींनी चेहरा धुऊन मागितला, आरसा मागितला, केस नीट केले, आणि मग जे बोलायचं ते बोलल्या.

"तो जेवताना बघतो गं मला. घास तोंडात असतो त्याच्या. मी रडलेली दिसले तर काय करील? तिथून हात पोचणार आहे का त्याचा?" थोड्या वेळाने म्हणाल्या, "नंतर रडावं तर तेही साठतं. गाडीत बघतो. चोवीस तास हसरं तोंड ठेवायला मी काय फोटो आहे? इथलं इथेच राहू दे, हळूबाई. कुणाला सांगायचं नाही. त्याला तर नाहीच."

"नाही सांगणार," हळूबाई म्हणाली. विषय तिथे संपला. शपथ वगैरे काही झाली नाही.

मग ते रोजचंच झालं. मुलाची जेवणाची सुट्टी संपली की आजी म्हणायच्या, "चल, गाडी लागली." रोज त्या रडायच्या असं नाही. बरेचदा नुसत्याच बसायच्या. हळूबाई थर्मासमधून चहा न्यायला लागली. दोन कप आणि थर्मास टॉवेलाखाली झाकून. चहा काही चोरीचा नव्हता, घरचाच होता. पण बाथरूममध्ये चहा कशाला, या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून टॉवेल. खोलीतून जाताना तिची नजर आपोआप कपाटाकडे वर जायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे चोरी नव्हती, चांदणं मात्र होतं.

ओल्या फरशीवर पाय ठेवून दोघी चहा प्यायच्या. आजी त्याला पहिल्या वर्गाचा डबा म्हणायच्या. तिथे त्यांना बिनतिकिटाच्या प्रवाशांच्या गोष्टी सुचायच्या. झोपेचं सोंग घेणारे, काळा कोट दिसला की शेजारचं बाळ मांडीवर ओढून घेणारे, 'बायको पुढच्या डब्यात आहे, तिकीट तिच्याकडे' म्हणणारे. "एकाची बायको मी तीन डबे शोधली," त्या म्हणाल्या, "चौथ्यात कळलं, लग्नच झालेलं नव्हतं." हळूबाई हसून हसून बादलीवरून घसरायची. तिनेही मग सासूच्या गोष्टी सांगितल्या, नवऱ्याच्या सांगितल्या. त्या तिने कधी कुणाला सांगितल्या नव्हत्या.

आणखी एक गोष्ट त्या डब्यात चालायची. आजी स्टेशनं म्हणायच्या. आयुष्यभर ज्या मार्गावर फिरल्या त्याची सगळी स्टेशनं, ओळीने. पुलाचं, गिरणीचं, वळणावरचं, खारट पाण्याचं. अशी त्यांनी आपल्यापुरती नावं ठेवली होती. अलीकडे मधलं एखादं स्टेशन निसटायचं. त्याची त्यांना फार धास्ती होती. मुलाला कळलं तर तो आपल्याला इथून हलवणार, कुठल्या तरी चांगल्या संस्थेत ठेवणार, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ही रोजची उजळणी. अडल्या की त्या डोळे मिटून बोट वर करायच्या, म्हणजे सांगू नकोस, मलाच आठवू दे. मग हळूबाई कप हातात धरून थांबायची. थांबणं तर तिच्या हातचा मळ. बऱ्याच वेळाने आजी डोळे उघडून स्टेशनाचं नाव घ्यायच्या आणि असं बघायच्या, जणू एखादा पळालेला प्रवासी पकडला.

मुलाच्या फोनवर मात्र रोज एकच गोष्ट दिसत होती. पलंग रिकामा, आणि तोही दिवसेंदिवस जास्त वेळ. त्याने आधी सहज विचारलं, मग जरा नेटाने विचारलं. हळूबाई म्हणाली, आजींना वेळ लागतो. त्याने संस्थेला कळवलं. मॅडमनी हळूबाईला बोलावून घेतलं आणि तुमच्यासारख्या जुन्या बाईबद्दल तक्रार येते म्हणजे काय, असं ऐकवलं. हळूबाईने मान खाली घालून ऐकून घेतलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आजींना कळलं तेव्हा त्या कपाटाकडे बघून म्हणाल्या, "बाथरूममध्येही बसव हो एक जावईबापू. आईची पाठ बघायची राहिली असेल तुझी." मुलगा दुखावला होता. पुढे बरेच दिवस त्याने तो विषय काढला नाही.

एके सकाळी आजी खुशीत होत्या. मुलाने जेवताना साहेबाची नक्कल केली होती. डब्यात शिरल्यावर त्यांनी अर्धा कप चहा घेतला आणि स्टेशनं म्हणायला सुरुवात केली. पुलाचं झालं, गिरणीचं झालं आणि त्या थांबल्या. डोळे मिटले. बोट वर झालं, किंवा हळूबाईला तसं वाटलं. ती थांबली. बाहेर कुठेतरी पाण्याची टाकी भरत होती, तो आवाज ती ऐकत राहिली. आजींच्या ओठांची हालचाल होत होती, शब्द जुळवतात तशी. किती वेळ गेला, ते तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. आजींच्या हातातला कप कलला, चहा त्यांच्या मांडीवरून फरशीवर ओघळला आणि त्या हलल्या नाहीत, तेव्हा तिने वाकून पाहिलं. तोंडाची एक बाजू खाली ओढली गेली होती.

आयुष्यात पहिल्यांदा हळूबाईने आपण होऊन घाई केली. आजींना काखेत धरून, जवळजवळ ओढतच, तिने पलंगावर आणलं. रुग्णवाहिकेला फोन केला. मग कपाटासमोर उभी राहून ती ओरडली, "दादा, दादा, बघा ना इकडे." जावईबापूंचा हिरवा दिवा नेहमीसारखा लागलेला होता. पलीकडे कुणी नव्हतं. मुलगा मीटिंगमध्ये होता.

आजी वाचल्या. बोलणं मात्र गेलं, ते पुन्हा आलं नाही. आधी आल्या असत्या तर फरक पडला असता का, या प्रश्नावर डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. या तीन शब्दांवर माणूस काय वाटेल ते उभं करू शकतो.

मुलगा आला. आजींना घरी आणल्यावर त्याने हळूबाईला आणि संस्थेतल्या मॅडमना बोलावलं. तो ओरडला नाही. त्याचा आवाज बसलेला होता आणि दाढी वाढलेली होती. त्याने लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला आणि मागच्या कितीतरी सकाळी एकापाठोपाठ एक दाखवल्या. प्रत्येक वेळी तेच. आजींना आधार देत हळूबाई खोलीतून जाते, काखेत टॉवेल, टॉवेलाखाली काहीतरी फुगीर, आणि दारापाशी तिची नजर वर, कॅमेऱ्याकडे. एका सकाळी टॉवेल सरकलेला होता आणि थर्मास दिसत होता.

"रोज," तो म्हणाला. "रोज तुम्ही आईला ओल्या जागेत बसवून आत चहा पीत होतात. इथे बसता येत नव्हतं म्हणून ना? मी बघतो म्हणून?"

हळूबाई स्वतःकडे बघत होती. आपण अशा दिसतो, हे तिला माहीत नव्हतं. ती नजर खरंच चोराची होती.

"काय करत होतात तुम्ही आत, एवढा वेळ?"

मधलं दार उघडं होतं. पलंगावर आजी डाव्या कुशीवर होत्या. त्यांचे डोळे उघडे होते आणि हळूबाईवर होते. त्यांत काय होतं ते कुणाला सांगता आलं नसतं. आता त्या हसऱ्या नव्हत्या आणि रडतही नव्हत्या. एक वाक्य बोललं की हळूबाई सुटत होती. ते वाक्य तिच्या जिभेवर होतं, आणि ज्याच्यापासून ते राखायचं होतं तोच समोर बसला होता.

"गप्पा मारायचो," ती म्हणाली.

"कसल्या गप्पा?"

"स्टेशनांच्या."

मॅडमनी कपाळाला हात लावला. मुलाला वाटलं, ही बाई आपली टर उडवतेय. त्याने लॅपटॉप मिटला आणि त्या सकाळचं विचारलं. तिथे मात्र हळूबाईने काही राखून ठेवलं नाही. तिला राखायला जमलंच नसतं, कारण तिला त्या दिवसापासून झोप नव्हती.

"मी थांबले, दादा," ती म्हणाली. "मला वाटलं, त्या आठवतायत. म्हणून मी थांबले."

हे त्याने ऐकलं आणि त्यापुढचं त्याला काही ऐकायचं नव्हतं.

संस्थेने तिचं नाव बंद केलं. फोनवर जिथे चांदण्या दिसायच्या तिथे लाल पट्टी आली, आणि तीही लेकीनेच दाखवली. मुलाने ती थर्मासवाली चित्रफीत परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्या मुलामुलींच्या एका ग्रुपवर टाकली. ज्यांचे आईवडील इथे एकटे असतात, त्यांनी सावध राहावं म्हणून. सूड घ्यावा असं त्याच्या मनात नसावं. दुसऱ्याच्या आईवर ही पाळी येऊ नये, एवढंच असावं. पण एका ग्रुपवरून दुसऱ्यावर जाताना माणसाचं दुःख गळून पडतं आणि चित्र तेवढं राहतं. कपाटासमोर उभी राहून 'दादा, दादा' करणारी हळूबाईही त्या कॅमेऱ्यात साठलेली होती. ती कुणी कुठे पाठवली नाही.

लेक एका बुटांच्या दुकानात काम करायची. तिथल्या एका मुलीने फोन पुढे करून विचारलं, "ही तुझी आई ना गं?" लेक घरी आली ती पाय आपटतच.

"काहीतरी कारण असेल ना आई? तू आळशी नाहीस हे मला सांगायला हवं का? ते कारण त्यांना सांग आणि मोकळी हो."

"कारण माझं नाही," हळूबाई म्हणाली. "माझं असतं तर सांगितलं असतं."

लेक चिडून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी वाजवत राहिली. हळूबाईने ओळखीने दोन घरी काम मिळतं का पाहिलं. एका घरी दारातच विचारलं गेलं, "तुम्ही त्या थर्मासवाल्या का?" दुसऱ्या घरी विचारलं नाही, पण बाई बोलत असताना तिचं लक्ष हळूबाईच्या पिशवीकडे होतं.

आजींना एका शुश्रूषागृहात हलवल्याचं तिला शेजारणीकडून कळलं. एका दुपारी ती तिथे गेली. दारावर पहारेकऱ्याने तिचा फोटो काढला, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं आणि अवघडून उभा राहिला. तिचं चित्र आधीच तिथे पोचलं होतं. "मावशी, मला वाईट वाटतंय," तो म्हणाला, "पण माझीही नोकरी आहे." ती त्याच्याशी वाद घालायला गेली नाही. सगळ्यांच्याच नोकऱ्या असतात. आवाराच्या भिंतीला लागून एक बाक होतं, त्यावर ती थोडा वेळ बसली. खिडक्या पुष्कळ होत्या. त्यांतली आजींची कोणती, ते तिला माहीत नव्हतं.

थंडी सरता सरता आजी गेल्या. शेजारणीने सांगितलं तेव्हा हळूबाईने पहिला प्रश्न विचारला, "दादा होते ना जवळ?" होते. रजा काढून आले होते, शेवटचे चार दिवस उशाशी बसून होते. "बरं झालं," ती म्हणाली.

लेकीने थोडे दिवस जाऊ दिले आणि पुन्हा विषय काढला. आता तिच्या बोलण्यात राग नव्हता. "आई, आता तर त्या नाहीत. ज्याचं कारण होतं ते माणूसच गेलं. आता सांगायला काय हरकत आहे? तुझं नाव तरी धुऊन निघेल."

हळूबाईने यावर विचार केला नव्हता असं नाही. पुष्कळ केला होता. लेकीचं म्हणणं तिला पटतही होतं. आजींचं त्यात आता काहीच बिघडणार नव्हतं. बिघडणार होतं ते त्याचं.

"त्याच्याकडे सगळं साठवलेलं आहे," ती लेकीला म्हणाली. "आई हसतेय, तो जेवतोय. अशा कितीतरी सकाळी. तो आता तेच बघत असणार. दुसरं काय आहे त्याच्याकडे? मी बोलले तर तो पुन्हा पहिल्यापासून बघायला बसेल."

लेकीला यातलं अर्धंच कळलं. उरलेलं हळूबाईने सांगितलं नाही. ती उठली आणि चुलीवर पाणी ठेवलं. लेकीनेही त्यानंतर कधी विचारलं नाही.

हल्ली हळूबाई एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखात्यात काम करते. खालच्या मजल्यावर, बिनखिडकीच्या लांबट खोलीत, दिवसभर उभी राहून ती गरम चादरींच्या घड्या घालते. वरच्या मजल्यांवर, पेशंटच्या खोल्यांकडे जायची तिला परवानगी नाही.